एका दिवसाचा हंगाम : प्रस्तावना

म्हैसूर संस्थानाचा क्रिकेटसंघ हिंदुस्थानच्या अजिंक्यपदासाठी प्रथम मैदानात उतरला तो रविवार, ४ नोव्हेंबर १९३४ रोजी, मद्रासच्या चेपॉक मैदानावर. आणि त्याच दिवशी, दिवेलागणीच्या आत, त्या संघाचे दोन्ही डाव, त्याचा पराभव आणि त्याबरोबरच त्याचा त्या वर्षीचा संपूर्ण हंगाम आटोपला. बाद पद्धतीच्या स्पर्धेत पराभूताला दुसरा सामना नसतो, हे खरे. परंतु ज्याला हंगाम म्हणावयाचे तो सकाळी सुरू व्हावा आणि सायंकाळी बरखास्त व्हावा, असा योग क्रीडेच्या इतिहासात क्वचितच येतो. रणजी करंडक या नावाने पुढे प्रसिद्धीस आलेल्या स्पर्धेचा तो पहिलाच सामना होता, आणि एका दिवसात निकाली निघालेला त्या स्पर्धेतील एकमेव सामना अशीच त्याची नोंद आजवर होत आली आहे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा एक दिवस होय.

ज्या हंगामाचा सारा जमाखर्च एका पानावर मावतो, त्याच्यासाठी पुस्तक कशाला खर्ची घालावे, असा प्रश्न वाचकाच्या मनात सहज येईल, आणि तो रास्तही आहे. त्याचे उत्तर देणे हेच या प्रस्तावनेचे काम आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, पहिल्या हंगामाचे मोल त्यात मिळालेल्या विजयांवरून ठरत नाही. त्या हंगामाने कोणाचे नाव दफ्तरी दाखल झाले, ते नाव कोणत्या नात्याने दाखल झाले, आणि पराभवानंतरही ते तेथे कायम राहिले की नाही, यांवरून ते ठरते. या तीन प्रश्नांची उत्तरे नीट मिळावीत म्हणून प्रथम म्हैसुरापासून फार दूरच्या एका मैदानाकडे वळले पाहिजे. कारण महाविद्यालयीन खेळांच्या आरंभकाळात हीच गोष्ट तेथे अधिक उघडपणे घडलेली दिसते.

अमेरिकेच्या न्यू जर्सी राज्यातील न्यू ब्रन्सविक या गावी ६ नोव्हेंबर १८६९ रोजी, शनिवारी, रटगर्स आणि प्रिन्स्टन या दोन महाविद्यालयांचे विद्यार्थी, प्रत्येक बाजूला पंचवीस, असे एका मैदानावर जमले, आणि आज अमेरिकन फुटबॉल म्हणून जो खेळ ओळखला जातो त्याच्या महाविद्यालयीन इतिहासाचा तो आरंभदिन मानला जातो. त्या दिवशी खेळला गेलेला खेळ आजच्या खेळाशी नाव सोडले तर फारसा जुळत नाही; चेंडू हातात घेऊन पळण्याची मुभा नव्हती, तो लाथेने वा हाताच्या तडाख्यानेच पुढे न्यावयाचा होता. गणवेश कोणाचाच नव्हता. आपले गडी ओळखू यावेत म्हणून रटगर्सच्या मुलांनी डोक्याला लाल फडकी फेट्याप्रमाणे गुंडाळून घेतली होती. रटगर्सने तो सामना सहा विरुद्ध चार अशा गोलांनी जिंकला. पुढच्याच शनिवारी प्रिन्स्टनच्या मैदानावर, यजमानांच्या नियमांनुसार, दुसरा सामना झाला, आणि त्यात प्रिन्स्टनने आठ गोल करून रटगर्सला एकही गोल करू दिला नाही. ठरलेला तिसरा सामना झालाच नाही; म्हणजे त्या वर्षीचा महाविद्यालयीन फुटबॉलचा अवघा हंगाम दोन सामन्यांचा, दोन संघांचा आणि दोन शनिवारांचा होता, आणि अखेरीस दोन्ही पक्षांच्या खात्यावर एकेक विजय व एकेक पराभव शिल्लक राहिला.

या दोन शनिवारांकडे बारकाईने पाहिले म्हणजे दिसते ते असे की, पहिल्या सामन्यापेक्षा दुसऱ्या सामन्याचे महत्त्व अधिक आहे. पहिला सामना हा एक प्रसंग होता, आणि तो पुन्हा घडला नसता तर दोन महाविद्यालयांच्या आठवणींपलीकडे त्याला स्थान मिळाले नसते. दुसऱ्या सामन्याने त्या प्रसंगाची परंपरा झाली, कारण जो हरला होता तो त्याच नावाने, त्याच प्रतिस्पर्ध्यापुढे, पुन्हा उभा राहिला. पुढे येल विद्यापीठाच्या वॉल्टर कॅम्प यांनी १८८० साली गड्यांची संख्या अकरावर आणली आणि एका पक्षाकडे चेंडूचा निर्विवाद ताबा देऊन डाव मांडण्याची रीत रूढ केली. १८८२ साली तीन प्रयत्नांत पाच यार्ड पुढे सरकण्याचे बंधन आले. आणि अशा रीतीने वर्षानुवर्षे, हंगामामागून हंगाम, वादविवाद आणि तडजोडी यांतून एक नवाच खेळ आकारास आला. तो खेळ फार आडदांड झाला, तेव्हा राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी ऑक्टोबर १९०५ मध्ये हार्वर्ड, येल व प्रिन्स्टन येथील प्रतिनिधींना आपल्या निवासस्थानी बोलावून समज दिली. तरीही त्या हंगामात अनेक तरुण मैदानावर प्राणास मुकले, आणि १९०६ साली चेंडू हाताने पुढे फेकण्यास परवानगी देऊन नियमांची नव्याने घडी बसवावी लागली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाने तर १९०५ च्या हंगामानंतर हा खेळ आपल्या आवारातून हद्दपार केला, तो १९१५ साली परत आला. आणि मराठी वाचकाला विशेष वाटावे ते हे की, त्या वेळी त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात भीमराव रामजी आंबेडकर हा तरुण विद्यार्थी रात्रंदिवस अभ्यास करीत होता.

आंबेडकरांचा उल्लेख मी केवळ योगायोगाच्या कौतुकापोटी केलेला नाही. महाविद्यालयाच्या संघाचे एक लक्षण असे आहे की, त्यात स्थान मिळण्यासाठी जन्म, कुळ वा पंथ यांचा दाखला लागू नये. महाविद्यालयाच्या पटावर नाव असणे एवढाच हक्काचा आधार पुरेसा व्हावा. सर्व महाविद्यालयांनी हे तत्त्व सर्व काळी प्रामाणिकपणे पाळले असे नाही. पट मुळातच ज्यांच्यासाठी बंद होता त्यांच्यासाठी संघही बंदच राहिला. परंतु तत्त्व म्हणून ते मांडले गेले, आणि एकदा मांडले गेल्यावर त्याच्या आधारे दाद मागणे शक्य झाले. शिवाय महाविद्यालयाचा विद्यार्थी चार वर्षांनी निघून जातो आणि संघ मात्र मागे राहतो; मुले बदलतात, नाव टिकते. एका नावाखाली अनेक पिढ्यांनी क्रमाक्रमाने येऊन उभे राहणे आणि मागच्यांचा हिशेब पुढच्यांनी आपला मानून चुकता करणे, हाच हंगामाच्या कल्पनेचा गाभा होय. आणि तो जगाला प्रथम शिकवला तो बहुधा विद्यार्थ्यांच्या संघांनीच.

आता आपल्याकडे वळू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातील क्रिकेटचे मुख्य पीठ मुंबई हे होते, आणि तेथील मोठी स्पर्धा धर्माच्या नावांनी विभागलेली होती. १८९२ पासून युरोपियन विरुद्ध पारशी असा सामना भरू लागला. १९०७ साली हिंदूंचा संघ त्यात आला आणि तिरंगी स्पर्धा झाली. १९१२ साली मुसलमानांच्या संघाने ती चौरंगी केली. आणि १९३७ साली उरलेल्या सर्वांचा मिळून पाचवा संघ आला. या स्पर्धेने खेळाडूही मोठे दिले आणि गर्दीही मोठी जमवली; परंतु तिच्या रचनेत जे वैगुण्य होते ते पाळवणकर बंधूंच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके दुसऱ्या कशावरूनही होत नाही. धारवाडास जन्मलेले, दलित कुटुंबातून आलेले बाळू पाळवणकर हे आपल्या काळातील श्रेष्ठ गोलंदाज होते. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदूंच्या संघाचे नेतृत्व त्यांच्या वाट्यास कधी आले नाही. ज्या संघाचे नाव धर्माचे, त्या संघात धर्मातील उतरंडही आपोआप येऊन बसली. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली तो मान मिळाला, तो दीर्घ झगड्यानंतर.

या पार्श्वभूमीवर १९३४ च्या जुलै महिन्यात सिमल्यास झालेल्या क्रिकेट नियामक मंडळाच्या बैठकीकडे पाहिले पाहिजे. अँथनी डिमेलो यांनी त्या बैठकीत अखिल हिंदुस्थानच्या अजिंक्यपदाची योजना मांडली, आणि पतियाळाचे महाराजा भूपिंदरसिंग यांनी, आदल्याच वर्षी निवर्तलेल्या रणजितसिंहांच्या स्मरणार्थ, पाचशे पौंडांचा करंडक देऊ केला. रणजितसिंह हेही, प्रसंगवशात् सांगावयास हरकत नाही, केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयाचे विद्यार्थी म्हणूनच प्रथम नावारूपास आले होते. या नव्या स्पर्धेत संघांची नावे प्रांतांची आणि संस्थानांची होती; मुंबई, महाराष्ट्र, मद्रास, हैदराबाद, म्हैसूर. आज हे इतके स्वाभाविक वाटते की त्यात काही निर्णय घेतला गेला होता याचेच विस्मरण होते; परंतु ज्या देशात मोठी गर्दी धर्माच्या नावाने जमत होती, त्या देशात खेळाडूची ओळख तो राहतो त्या मुलखावरून करावयाची, हा ठराव सामान्य नव्हता. महाविद्यालयाच्या पटाची जागा येथे मुलखाच्या पटाने घेतली.

त्या काळचे म्हैसूर संस्थान हे आधुनिक विद्या आणि जुनी राजसत्ता यांच्या मिलाफाचे एक विलक्षण उदाहरण होते. चौथे कृष्णराज वडेयर गादीवर होते आणि मिर्झा इस्माईल हे दिवाण होते. १९१६ साली स्थापन झालेले म्हैसूर विद्यापीठ हे संस्थानी मुलखातील पहिले विद्यापीठ. त्याच्या महाराजा महाविद्यालयात सर्वपल्ली राधाकृष्णन यांनी १९१८ पासून काही वर्षे तत्त्वज्ञान शिकवले, आणि १९३० साली त्याच महाविद्यालयातून आर. के. नारायण पदवीधर होऊन बाहेर पडले. चेपॉकच्या सामन्यानंतर वर्षभराच्या आत, १९३५ साली, नारायण यांची ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ ही पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. तिच्यात एका लहानशा, काल्पनिक गावातील शाळकरी मुले क्रिकेटचा संघ काढतात, त्याला भारदस्त नाव देतात, सामना ठरवतात, आणि त्या सामन्याच्या दिवशी ज्याच्यावर सर्वांची भिस्त तो मुलगाच नेमका हजर राहू शकत नाही. मला नेहमी असे वाटत आले आहे की, त्या मुलांच्या धडपडीत आणि म्हैसूरच्या त्या पहिल्या हंगामात एक नाते आहे. दोन्हीकडे नाव घेण्याचा उत्साह अगोदर आला, आणि त्या नावाला साजेल असा खेळ पुष्कळ नंतर.

सामन्याची कैफियत अशी. नाणेफेकीनंतर म्हैसूरचा संघ प्रथम फलंदाजीस आला, आणि मद्रासच्या एम. जे. गोपालन यांनी म्हैसूरच्या कर्टिस यांना टाकलेला चेंडू हा या स्पर्धेतील पहिला चेंडू ठरला. गोपालन हे क्रिकेट आणि हॉकी या दोन्ही खेळांत हिंदुस्थानचे प्रतिनिधित्व करणारे खेळाडू. परंतु त्या दिवसाचे नायक ते नव्हेत. नायक होते ए. जी. रामसिंग हे चोवीस वर्षांचे डावखुरे गोलंदाज. त्यांच्यापुढे म्हैसूरचा पहिला डाव ४८ धावांत कोसळला. त्यांतील सहा बळी एकट्या रामसिंगांचे होते, तेही १९ धावांच्या मोबदल्यात. मद्रासलाही खेळपट्टी सोपी गेली नाही. त्यांचा डाव १३० धावांत आटोपला. परंतु ब्याऐंशी धावांची ती पिछाडी म्हैसूरला डोईजड झाली. दुसऱ्या डावात ५९ धावा झाल्या, त्यांत रामसिंगांनी आणखी पाच बळी १६ धावांत घेतले, आणि मद्रासने एक डाव व २३ धावांनी सामना जिंकला. दिवसभरात तीस गडी बाद झाले, अकरा बळी एका हाताने घेतले, आणि सर्व मिळून धावा झाल्या अवघ्या २३७.

आकडे एवढेच. ते मी जसेच्या तसे दिले आहेत, कारण पुराव्याच्या कागदाला अलंकार चढवणे हा इतिहासाचा अपराध आहे. परंतु आकड्यांच्या शेजारी नावे लिहिलेली असतात, आणि ती मात्र सावकाश वाचली पाहिजेत. म्हैसूरच्या बाजूने कर्टिस हे नाव आहे आणि विजयसारथी हेही नाव आहे. मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत ही दोन नावे एकाच फळ्यावर, एकाच बाजूला, कधीही आली नसती. एम. जी. विजयसारथी पुढे कसोटी सामन्यांचे पंच झाले, आणि त्यांचे पुत्र एम. व्ही. नागेंद्र यांनीही तीच जबाबदारी पत्करली. म्हणजे त्या एका दिवसात हरलेल्या संघातील एका गड्याच्या घरात खेळाचा न्याय करण्याचे काम दोन पिढ्या चालले. आणि ज्यांनी म्हैसूरचा पराभव केला ते रामसिंग कोण? त्यांच्या नावातील पहिले अक्षर अमृतसरचे आहे. पंजाबातून मद्रासेस येऊन स्थायिक झालेल्या शीख घराण्यात त्यांचा जन्म झाला, मद्रासच्या मैदानांवर ते वाढले, मद्रासच्या वतीने खेळले. त्यांचे पुत्र कृपालसिंग आणि मिल्खासिंग हेही मद्रासचेच होऊन हिंदुस्थानच्या संघात गेले. धर्माच्या पटावर त्यांना कोणत्या रकान्यात घालावयाचे, हा प्रश्न मुंबईच्या स्पर्धेला पडला असता. मुलखाच्या पटावर तो उद्भवलाच नाही. ते मद्रासला राहत होते, सबब ते मद्रासचे होते.

या ठिकाणी मी माझ्या आस्थेचे खरे कारण सांगितले पाहिजे. मी म्हैसुरात राहणारा मराठी माणूस आहे, आणि आमच्यासारख्यांना हा प्रश्न नवा नाही. सतराव्या शतकात शहाजीराजांना बंगळूरची जहागीर मिळाल्यापासून मराठी कुटुंबे या मुलखात येत राहिली. कोणी शिपाईगिरीसाठी, कोणी कारकुनीसाठी, कोणी देवस्थानच्या वा दरबारच्या आश्रयासाठी. तंजावरकडील मराठी घराण्यांतील व्ही. पी. माधवराव आणि त्यांच्यानंतर टी. आनंदराव हे विसाव्या शतकाच्या आरंभी म्हैसूरचे दिवाण झाले. आमच्या घरांत मराठी बोलली जाते, ती पुण्याच्या माणसाला थोडी अपरिचित वाटते. बाजारात आम्ही कन्नड बोलतो, आणि दसऱ्याची जंबू सवारी पाहताना ती कोणा दुसऱ्याची आहे असे आमच्या मनात येत नाही. तरीही प्रसंगी कोणी विचारतोच, ‘तुम्ही मूळचे कोठले?’ त्या प्रश्नात द्वेष नसतो; परंतु मूळ म्हणजे जेथून आलो ते, की जेथे रुजलो ते, याचा उलगडा त्याच्या उत्तराने होत नाही. १९३४ च्या त्या कागदावर मला या प्रश्नाचे एक साधे आणि उदार उत्तर मिळते. जो येथे राहतो आणि या नावाखाली उभा राहतो, त्याच्या पराभवासकट तो येथला.

पराभवासकट, हा शब्द मी जाणून लिहितो. कारण निमंत्रणावर चालणाऱ्या खेळात आणि हंगामावर चालणाऱ्या खेळात मोठा भेद येथेच आहे. निमंत्रणाने आलेला पाहुणा ४८ धावांत बाद झाला तर पुढल्या वर्षी त्याला पत्र जात नाही. स्पर्धेच्या पटावर ज्याचे नाव आहे त्याला मात्र पुढच्या वर्षी पुन्हा यावयाचे असते. तो त्याचा हक्क असतो आणि त्याहूनही अधिक ते त्याचे कर्तव्य असते. त्याच हंगामात हैदराबादच्या सय्यद मोहम्मद हादी यांनी स्पर्धेतील पहिले शतक झळकावले, आणि मार्च १९३५ मध्ये मुंबईने उत्तर हिंदुस्थानच्या संघास हरवून पहिले अजिंक्यपद मिळवले. म्हैसूरच्या खात्यावर यांपैकी काहीच नव्हते. होती ती फक्त पुढच्या वर्षीची तारीख.

त्या तारखा येत राहिल्या. १९३९-४० आणि १९४०-४१ या लागोपाठच्या वर्षी महाराष्ट्राच्या संघाने अजिंक्यपद जिंकले, ते दि. ब. देवधर यांच्या नेतृत्वाखाली; देवधर हे पुण्यात संस्कृतचे प्राध्यापक, आणि वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षाच्या सुमारास मुंबईविरुद्ध २४६ धावांचा डाव खेळणारे फलंदाज. पाठशाळा आणि मैदान ही दोन स्थाने एकमेकांची वैरी नव्हेत, याचे त्यांच्याहून समर्थ उदाहरण मराठी समाजात नाही. त्यापुढच्याच हंगामात, १९४१-४२ साली, म्हैसूरचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि मुंबईकडून फार मोठ्या फरकाने हरला. १९५९-६० साली तो पुन्हा अंतिम सामन्यात आला आणि पुन्हा मुंबईकडूनच हरला. आमच्यासारख्या घरांत त्या सामन्यांच्या वेळी काय होत असेल याची कल्पना वाचकांनी करावी. भाषेचे माणूस समोरच्या बाजूला आणि गावचे माणूस आपल्या बाजूला, असा तो विलक्षण पेच होता.

आणि मग म्हैसूरच्या महाविद्यालयातूनच तो माणूस आला. एरापल्ली प्रसन्न हे येथील राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेचे विद्यार्थी. जानेवारी १९६२ मध्ये मद्रासला ते पहिला कसोटी सामना खेळले, पाठोपाठ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर गेले, आणि परत आल्यावर, ऐन बहराच्या वयात, अभ्यासक्रम पुरा करण्यासाठी कसोटी क्रिकेटपासून दूर राहिले. १९६७ च्या आरंभापर्यंत, म्हणजे जवळजवळ पाच वर्षे, भारताच्या संघात त्यांचे नाव नव्हते. ज्या वयात इतरांची कीर्ती होते त्या वयात त्यांनी वही उघडली. आणि परत आले ते पूर्वीपेक्षा अधिक धूर्त, अधिक संयमी गोलंदाज होऊन. महाविद्यालयाच्या पटावरील नाव आणि संघाच्या पटावरील नाव यांतील ऋण दोन्हीकडे चुकते करणारा असा दुसरा खेळाडू मला ठाऊक नाही. याच शहरात १९४५ साली जन्मलेले, पोलिओने उजवा हात दुबळा झालेला असूनही त्याच हाताने जगभरच्या फलंदाजांना चकवणारे भागवत चंद्रशेखर हे त्यांचे समकालीन.

१ नोव्हेंबर १९७३ रोजी म्हैसूर राज्याचे नाव कर्नाटक झाले, आणि त्या हंगामात संघही नव्या नावाने उतरला. मुंबईने तोपर्यंत लागोपाठ पंधरा वर्षे अजिंक्यपद राखले होते. मार्च १९७४ मध्ये बंगळूरला उपांत्य सामन्यात हे दोन संघ समोरासमोर आले. गुंडाप्पा विश्वनाथ आणि ब्रिजेश पटेल यांनी शतके केली. कर्णधार प्रसन्न यांनी सुनील गावसकर यांचा त्रिफळा उडवला. अजित वाडेकर जम बसला असता धावचीत झाले. आणि पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर कर्नाटकाने मुंबईची सत्ता संपुष्टात आणली. जयपूरला राजस्थानविरुद्धचा अंतिम सामना जिंकून करंडक प्रथमच या मुलखात आला. चेपॉकच्या त्या रविवारपासून चाळीसावे वर्ष चालू होते. मी त्या विजयाकडे चेपॉकच्या पराभवाची भरपाई म्हणून पाहत नाही. कारण चेपॉकला जे मिळाले होते त्याचाच तो उपभोग होता. १९३४ साली परत येण्याचा हक्क मिळाला, आणि तो चाळीस वर्षे एकाही पिढीने सोडून दिला नाही, एवढाच या कथेचा अर्थ.

विजयाचा इतिहास लिहिणारे पुष्कळ असतात. या पुस्तकात मी विजय शेवटच्या प्रकरणापुरताच ठेवला आहे. आरंभीची प्रकरणे त्या एका दिवसाची, त्यात भाग घेतलेल्या दोन्ही संघांची आणि ज्या मुलखांनी त्यांना पाठवले त्या मुलखांची आहेत. मधल्या प्रकरणांत, विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम घालून देण्याचे जे काम हाती घेतले त्याचाही विचार केला आहे. कारण वॉल्टर कॅम्प येलमध्ये जे करीत होते तेच आपल्या माणसांनी आपल्या अंगणातील खेळासाठी केले, आणि नियम लिहिले गेल्यावाचून कोणत्याही खेळाला हंगाम लाभत नाही. खेळाची परिभाषा शक्य तेथे मैदानावर रूढ असलेलीच वापरली आहे. जो शब्द मराठी खेळाडूच्या तोंडी बसला आहे तो काढून त्याच्या जागी कोशातला शब्द बसवण्याचा अट्टहास केलेला नाही.

हे पुस्तक मराठीत का लिहिले, असे येथील स्नेह्यांनी मला विचारले. ते कन्नडमध्ये लिहिले असते तर त्याला येथे अधिक वाचक मिळाले असते, हे मला मान्य आहे. परंतु या मुलखाच्या पटावर ज्या अनेक भाषांची नावे आहेत त्यांत माझ्या भाषेचेही एक आहे, आणि आपल्या गावच्या पराभवाची हकीकत आपल्या घरच्या भाषेत सांगणे हा त्या पटावर सही करण्याचाच एक प्रकार आहे असे मी समजतो. महाराष्ट्रातील वाचकांनी हे पुस्तक दूरच्या नातेवाइकाने गावाकडची खुशाली कळवावी त्या भावनेने वाचावे, एवढीच विनंती आहे. ४८ आणि ५९ या आकड्यांची लाज वाटण्याचे कारण नाही. ते आमचे पहिले आकडे आहेत. त्यांच्यावर आमचे नाव आहे.

म्हैसूर
४ नोव्हेंबर